लिनेआ आबिएर्ता: स्थलांतरितांच्या विश्वासाला उतरलेला रेडिओ

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात फ्रेस्नो हे शेतीवर जगणारे मोठे शहर आहे. तिथे एफएमच्या ९१.५ वर ‘रेडिओ बिलिंग्वे’ हे जाहिरातींवर न चालणारे केंद्र ४ जुलै १९८० पासून प्रामुख्याने स्पॅनिशमध्ये बोलत आहे. या केंद्राचे, आणि विशेषतः ‘लिनेआ आबिएर्ता’ या त्याच्या फोन-इन कार्यक्रमाचे हे परीक्षण आहे. १९९५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर देशभर ऐकू जाणारा स्पॅनिशमधला थेट चर्चेचा कार्यक्रम आहे आणि सामुएल ओरोस्को या पत्रकाराने तो वर्षानुवर्षे सांभाळला आहे. फ्रेस्नोत राहायला आल्यापासून मी तो ऐकत आले आहे, आणि माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचा स्थलांतरितांवर किती प्रभाव आहे, हे केवळ त्याच्या हाकेवर रस्त्यावर उतरलेल्या गर्दीवरून ठरवता येत नाही. त्याच्या शब्दावर विसंबून किती जणांनी एखादा अर्ज वेळेत भरला, किती जण मुलाला घेऊन दवाखान्यात गेले, किती जणांनी भोंदू सल्लागाराला पैसे देण्याचे टाळले, हे त्याहून महत्त्वाचे असते. या कसोटीवर ही सेवा मला फार मोलाची वाटते.

कार्यक्रमाची रचना साधी आहे. कामाच्या दिवशी, भर दुपारी, एखादा विषय घेतला जातो. त्या विषयातला जाणकार, म्हणजे इमिग्रेशनचा वकील, डॉक्टर, कामगार संघटनेचा कार्यकर्ता किंवा सरकारी खात्यातला माणूस, माइकसमोर येतो. आणि श्रोते निःशुल्क क्रमांकावर फोन करून थेट प्रश्न विचारतात. ही वेळ विचारपूर्वक निवडल्यासारखी आहे, कारण पहाटे अंधारात शेतावर गेलेल्या माणसाची ती जेवणाची सुट्टी असते, आणि उन्हाळ्यात तर ऊन चढायच्या आत काम आटोपून घरच्या वाटेला लागण्याची वेळ असते. विषयांचा आवाका मोठा आहे: मजुरी बुडवणारा मुकादम, घरभाडे, मुलांचे शाळाप्रवेश, मधुमेह, इथल्या मातीतल्या बुरशीमुळे होणारा आणि याच खोऱ्यावरून ‘व्हॅली फिव्हर’ म्हणून ओळखला जाणारा फुप्फुसाचा आजार, निवडणुका, मेक्सिकोतले राजकारण. मात्र कोणत्याही विषयावरून चर्चा सुरू झाली तरी फोन करणाऱ्याच्या प्रश्नामागे बहुतेक वेळा कागदपत्रांची काळजी असतेच.

ओरोस्को यांचे बोलणे संथ आणि मोजके आहे. ते आवाज चढवत नाहीत, पाहुण्याला मध्येच तोडत नाहीत आणि फोन करणाऱ्याला घाई करत नाहीत. त्यांचे खरे कसब मला दिसते ते वकील बोलत असताना. वकिलाने कायद्याची परिभाषा वापरली की तेच म्हणणे रोजच्या शब्दांत पुन्हा मांडून घेतले जाते. ज्याच्यावर पूर्वी कधी हद्दपारीचा आदेश निघाला आहे त्यालाही हे लागू होते का, ज्याच्या नवऱ्याने वेगळ्या नावाने काम केले तिने काय करावे, असे नेमके अपवाद विचारून उत्तराच्या कडा स्पष्ट केल्या जातात. ऐकणाऱ्याला सर्वांत मोठा धोका असतो तो अर्धवट कळलेल्या उत्तराचा, कारण एखादा अर्ज चुकीच्या माणसाने भरला तर तो स्वतःच आपला पत्ता सरकारच्या हाती देऊन बसतो. त्यामुळे ‘तुमच्या बाबतीत मला रेडिओवरून सांगता येणार नाही, आधी वकिलाला कागद दाखवा’ हे उत्तर मी सर्वांत प्रामाणिक उत्तर मानते, आणि अशा कार्यक्रमात ते वारंवार ऐकू आले पाहिजे.

इमिग्रेशन खात्याचे अधिकारी दारावर आले तर काय करायचे, हा विषय सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण तो नुसत्या आवाजातून शिकवणे अवघड असते. विनाकारण झडतीपासून संरक्षण देणाऱ्या, अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या आधारे वकील वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की दार उघडण्याची घाई करू नये, अधिकाऱ्याला कागद दाराच्या फटीतून आत सरकवायला किंवा खिडकीच्या काचेला लावायला सांगावे, आणि मग तो वाचावा. वर न्यायालयाचे नाव आहे का? खाली न्यायाधीशाची सही आहे का, की खात्याच्याच एखाद्या अधिकाऱ्याची? नाव आणि पत्ता बरोबर आहे का, तारीख कोणती आहे? खात्यातल्या अधिकाऱ्याने सही केलेला आदेश आणि न्यायाधीशाने काढलेले वॉरंट हे दोन कागद दिसायला सारखे असू शकतात, पण त्यांचे वजन सारखे नसते. इंग्रजी न वाचता येणाऱ्या माणसाला हे कानांवाटे समजावायचे म्हणजे कोणते इंग्रजी अक्षर कुठे शोधायचे इथपर्यंत यावे लागते, आणि तेच तेच, न कंटाळता, पुन्हा सांगावे लागते. पुस्तिका वाटणाऱ्या संस्था हे काम करतातच. परंतु पुस्तिका घरात कुठेतरी पडून राहते आणि ओळखीच्या आवाजात दहादा ऐकलेली सूचना घाबरलेल्या क्षणी आठवते.

दुसरे उदाहरण सरकारी लाभांचे. २०१९ साली ट्रम्प प्रशासनाने ‘पब्लिक चार्ज’ या नियमाची व्याप्ती वाढवली. ग्रीन कार्ड मागणाऱ्याने अन्नसाहाय्य किंवा आरोग्य योजना यांसारखे लाभ घेतले असतील तर ते त्याच्या अर्जाविरुद्ध धरले जाऊ शकतील, अशी त्यात तरतूद होती. हा नियम फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला आणि मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला. मुलांनी घेतलेला लाभ आईवडिलांच्या अर्जाविरुद्ध मोजला जाणार नाही, हे त्याच नियमात होते. तरीही भीतीने अनेक कुटुंबांनी मुलांची नावे योजनांतून काढून घेतली. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची आपली ‘मेडी-कॅल’ ही आरोग्य योजना कागदपत्रे नसलेल्या मुलांना मे २०१६ पासून आणि टप्प्याटप्प्याने सर्व वयाच्या प्रौढांना जानेवारी २०२४ पर्यंत खुली केली, आणि पुन्हा जानेवारी २०२६ पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. म्हणजे ‘मी मुलाचे नाव घालू का?’ या एकाच प्रश्नाचे आणि ‘मी माझे नाव घालू का?’ या त्याच्या जोडप्रश्नाचे उत्तर दर दोन-तीन वर्षांनी बदलत आले. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या चित्रफितीवर तारीख नसते. रोज प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमात आजचे उत्तर मिळते. माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी उपयुक्तता इथे आहे.

अफवांच्या बाबतीत तर ती अधिकच जाणवते. जानेवारी २०२५ मध्ये, ट्रम्प यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या आधीच, सीमा गस्ती दलाने खोऱ्याच्या दक्षिण टोकाला केर्न काउंटीत धरपकड केली. संत्र्यांची तोडणी चालू होती, आणि बातमी पसरताच मजूर बागांकडे फिरकेनासे झाले. अशा दिवसांत पांढरी गाडी दिसली तरी लोक एकमेकांना निरोप पाठवतात, शाळेसमोर छापा पडल्याचे सांगतात, आणि त्यातले किती खरे हे कोणालाच कळत नाही. जुन्या काळी रेडिओवाले हे वेगळ्या प्रकारे करत. वॉशिंग्टन राज्यातल्या यॅकिमा खोऱ्यात ग्रेंजर या गावी १९७९ साली सुरू झालेल्या केडीएनए या शेतमजुरांच्या केंद्रावर छाप्याची खबर लागली की एक ठरलेले गाणे लावले जाई, आणि ऐकणाऱ्यांना इशारा मिळे. आज प्रत्येकाच्या हातात इशारा देणारे यंत्र आहे. उणीव आहे ती ‘हे खरे नाही, आम्ही चौकशी केली’ असे सांगणाऱ्या विश्वासू माणसाची. न पडताळलेली बातमी न देणे हे निवेदकाचे काम या काळात बातमी देण्याइतकेच मोठे झाले आहे.

या केंद्राचे श्रोते कोण, हे समजायला इथली शेती डोळ्यांसमोर आणावी लागते. फ्रेस्नो हे अमेरिकेच्या बेदाण्याचे माहेर आहे. तासगाव-सांगलीकडच्या वाचकांना ओळखीची असलेली थॉम्पसन सीडलेस द्राक्षे इथेही पिकतात. फरक एवढाच की आपल्याकडे ती शेडमध्ये जाळ्यांवर सुकवली जातात आणि इथे अनेक बागांत ऑगस्टअखेर घड कापून वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर अंथरलेल्या कागदांवर पसरले जातात. हे काम वाकून, धुळीत आणि चाळीस अंशांच्या घरातल्या उन्हात होते. मजुरांचे उष्माघाताने मृत्यू झाल्यानंतर कॅलिफोर्नियाने २००५ साली उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी नियम केला. त्यानुसार मालकाने प्रत्येक मजुराला दर तासाला जवळजवळ एक लिटर पिण्याचे पाणी आणि ठरावीक तापमानाच्या वर सावली द्यावी लागते. नियम झाला तरी तो मजुराला ठाऊक नसेल तर मुकादमाकडे सावली मागणार कोण? स्पॅनिश रेडिओने हा नियम ज्यांच्यासाठी झाला त्यांच्यापर्यंत नेला, हे त्याचे फारसे कौतुक न झालेले काम आहे.

केंद्राचे संस्थापक ऊगो मोरालेस हे स्वतः मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या मिश्तेक या आदिवासी समाजातल्या कुटुंबातले. लहानपणी ते कॅलिफोर्नियात आले, सोनोमा काउंटीत घरच्यांबरोबर फळतोडणी केली, पुढे हार्वर्डमध्ये पदवी आणि कायद्याचे शिक्षण घेतले आणि मोठ्या शहरातली वकिली न पत्करता फ्रेस्नोला आले. १९७६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था स्थापन केली, आणि प्रत्यक्ष प्रसारणाला आणखी चार वर्षे लागली. १९९४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही मानाची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन १८७’ मतदानाने मंजूर झाले, ज्यात कागदपत्रे नसलेल्यांना सरकारी शाळा आणि बहुतांश आरोग्यसेवा नाकारण्याची तरतूद होती. न्यायालयाने पुढे ते रोखले. पण त्या हिवाळ्यात या राज्यातल्या हजारो पालकांना उद्या मुलाला शाळेत पाठवायचे की नाही हे ठरवायचे होते. पुढच्याच वर्षी ‘लिनेआ आबिएर्ता’ सुरू झाला, हा क्रम मला लक्षणीय वाटतो.

या परंपरेची मुळे बरीच जुनी आहेत आणि त्यांत एक दुःखद प्रकरण आहे. मेक्सिकन क्रांतीतला सेनानी पांचो व्हिया याच्या सैन्यात तारयंत्री म्हणून काम केलेले पेद्रो गोन्सालेस लॉस एंजेलिसला येऊन १९२०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओवर गाऊ आणि बोलू लागले. बर्बँकच्या केईएलडब्ल्यू केंद्रावर त्यांचा ‘लॉस माद्रुगादोरेस’ हा कार्यक्रम पहाटे चार ते सहा असे, कारण ती वेळ दुसऱ्या कोणाला नको होती आणि मजूर तर त्याच वेळी उठलेले असत. तो महामंदीचा काळ होता. मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना, त्यांतल्या कित्येकांचा जन्म अमेरिकेतला असूनही, सीमेपार धाडले जात होते, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्लासिता या भर वस्तीतल्या चौकाला वेढा घालून इमिग्रेशन खात्याच्या माणसांनी पोलिसांच्या मदतीने लोकांचे कागद तपासले. गोन्सालेस हे सारे माइकवर बोलून दाखवत. १९३४ साली बलात्काराच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. तक्रार करणाऱ्या मुलीने नंतर आपले म्हणणे मागे घेतले, तरी ते सान क्वेंटिनच्या तुरुंगात राहिले, आणि १९४० साली सुटका होताच त्यांना मेक्सिकोत हद्दपार करण्यात आले. तिथे तिहुआनामध्ये त्यांनी पुन्हा रेडिओच धरला. लोक ज्याचे ऐकतात अशा परक्या भाषेतल्या आवाजाची सत्तेला किती धास्ती वाटू शकते, हे या प्रकरणातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून क्वचितच कळेल.

मोठ्या गर्दीचा प्रभाव म्हटला की एदी सोतेलो, म्हणजे ‘पिओलिन’ यांचे नाव आधी येते आणि ते योग्यच आहे. हालिस्को राज्यातल्या ओकोत्लानचा हा मुलगा १९८६ साली गाडीच्या डिकीत लपून सीमा ओलांडून आला, काही काळ खोट्या कागदांवर काम केले, पुढे रीतसर रहिवासी झाला आणि २००८ साली नागरिक झाला. लॉस एंजेलिसच्या केएससीए १०१.९ वरचा त्यांचा सकाळचा कार्यक्रम विनोद, थट्टा, गाणी आणि खोड्यांचा होता. देशातल्या अनेक शहरांत तो ऐकला जाई. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने एचआर ४४३७ हे विधेयक मंजूर केले, ज्यामुळे कागदपत्रांविना राहणे हाच गंभीर फौजदारी गुन्हा ठरला असता. तेव्हा पिओलिन यांनी ‘एल कुकुय’ या नावाने प्रसिद्ध असलेले रेनान आल्मेंदारेस कोएयो, ‘एल मांद्रिल’ रिकार्दो सान्चेस आणि इतर स्पर्धक निवेदकांना एकत्र आणले. एरवी श्रोत्यांसाठी एकमेकांशी झुंजणारे हे लोक एकाच सुरात बोलू लागले. २५ मार्च २००६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांच्याच अंदाजाने पाच लाख लोक रस्त्यावर उतरले.

त्या मोर्चाच्या सूचनांकडे मी निवेदकाच्या कलेचा नमुना म्हणून पाहते. पांढरे कपडे घाला, अमेरिकेचा झेंडा आणा, शांत राहा, कचरा उचलायला पिशव्या बरोबर ठेवा. संघटनांनी पत्रके काढली असती तर या सूचना वाचल्या गेल्या असत्या. ज्याच्या विनोदावर लोक रोज सकाळी हसतात त्याने त्या दिल्या म्हणून त्या पाळल्या गेल्या. पाच लाखांच्या गर्दीने शिस्त पाळावी यासाठी आधीची कित्येक वर्षांची सलगी लागते, आणि ती व्यावसायिक, हसऱ्या, कधी उथळ म्हणून हिणवल्या गेलेल्या कार्यक्रमाने कमावली होती. ते विधेयक त्या रूपात पुढे सिनेटमध्ये मंजूर झाले नाही. २००७ साली पिओलिन यांनी इमिग्रेशन सुधारणेसाठी श्रोत्यांची दहा लाखांहून अधिक पत्रे गोळा करून वॉशिंग्टनला नेली. त्या वर्षी जूनमध्ये सिनेटमधले सुधारणा विधेयक मात्र पडले. पत्रांनी मने हलली असतील, मते हलली नाहीत.

त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट मला अधिक टिकाऊ वाटते. स्पॅनिश दूरचित्रवाणी, रेडिओ आणि संस्था यांनी मिळून ‘या एस ओरा’ ही मोहीम चालवली आणि ग्रीन कार्ड असलेल्यांना नागरिकत्वाचे अर्ज भरायला लावले. पिओलिन यांचा तिला पाठिंबा होता. ३० जुलै २००७ पासून अर्जाचे शुल्क ४०० डॉलरवरून ६७५ डॉलर होणार होते, हे त्या आवाहनाला मिळालेले आणखी एक कारण. त्या वर्षी देशभरात नागरिकत्वासाठी आलेल्या अर्जांची संख्या जवळपास १४ लाखांवर गेली. तिथे लोकांना मोर्चाची हाक देऊन भागले नाही: शुल्क किती, फोटो कसे, जुनी अटक असेल तर काय, परीक्षेत प्रश्न कोणते, हे सांगणारे कोणीतरी लागले. तेच काम सार्वजनिक रेडिओ आधीपासून करत होता आणि नंतरही करत राहिला. जुलै २०१३ मध्ये केंद्राची मालक कंपनी युनिव्हिजनने पिओलिन यांचा कार्यक्रम बंद केला. पिओलिन यांनी छळ केल्याच्या एका सहकाऱ्याच्या आरोपांच्या बातम्या त्याच सुमारास आल्या आणि त्यांनी ते आरोप नाकारले. पुढे ते इतर वाहिन्यांवर परतले, परंतु जुन्या श्रोत्यांची रोजची सवय एका दिवसात मोडली. संस्थेवर उभा असलेला कार्यक्रम निवेदक बदलला तरी उभा राहतो, आणि ‘लिनेआ आबिएर्ता’ला मी झुकते माप देते त्यामागे हेही एक कारण आहे.

‘ला ओरा मिश्तेका’ हा याच केंद्राचा रविवारचा कार्यक्रम स्वतंत्रपणे उल्लेखावा असा आहे. फिलेमॉन लोपेस यांनी तो सुरू केला. ओआहाकातून आलेल्या अनेक मजुरांची मातृभाषा मिश्तेक असते. ती स्पॅनिशची बोली मुळीच नाही, सुरांच्या चढउतारावर अर्थ बदलणारी ती वेगळीच भाषा आहे आणि एका डोंगरातली मिश्तेक पलीकडच्या डोंगरात कळेलच असे नाही. दवाखान्यात अशा बाईसाठी स्पॅनिश दुभाषा बोलावला जातो, ती मान डोलावते, आणि औषध कसे घ्यायचे ते न समजताच घरी जाते. या कार्यक्रमात मिश्तेक आणि स्पॅनिश दोन्हींतून सूचना, संगीत आणि निरोप ऐकू येतात, आणि मेक्सिकोतल्या आदिवासी रेडिओ केंद्रांच्या साहाय्याने ते सीमेपलीकडच्या गावांतही पोहोचतात. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मुलाचा आवाज गावात आईने रेडिओवर ऐकावा, ही गोष्ट फोन महाग असण्याच्या काळात किती मोठी होती हे सांगायला नको. मला मिश्तेक येत नाही, त्यामुळे त्यातल्या भाषेबद्दल मी काही बोलू शकत नाही. पण पितळी वाद्यांच्या तालावरचे चिलेना संगीत आणि मधूनमधून वाचली जाणारी गावांची नावे ऐकत मी अनेक रविवार घालवले आहेत.

उणिवाही स्पष्ट सांगते. चर्चेचा वेग मंद आहे आणि विनोदाला जागा कमी आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला हसवण्याचे जे काम व्यावसायिक केंद्रे करतात ते इथे होत नाही, आणि म्हणून इथला श्रोता संख्येने त्यांच्यापेक्षा कमीच राहणार. तरुण मजुरांच्या कानात आता रेडिओ नसतो, फोनवरच्या छोट्या चित्रफिती असतात, आणि तासभराची सविस्तर चर्चा त्या आकारात बसवणे कठीण असते. कार्यक्रमाच्या वेळात मोजकेच फोन घेता येतात, बाकीचे प्रश्न तसेच राहतात. शिवाय कायद्याचा सल्ला रेडिओवर सर्वसाधारणच असू शकतो, त्याला मर्यादा असतात. मात्र ‘नोटारिओ’ अशी पाटी लावून, वकील नसताना वकिलाचे पैसे घेणाऱ्या लोकांपासून वाचायला तेवढा सर्वसाधारण सल्लाही पुष्कळ उपयोगी पडतो; अमुक अर्ज तुम्हाला लागूच नाही, एवढे कळले तरी एका कुटुंबाचे हजारो डॉलर वाचू शकतात.

पैशाचा प्रश्न सध्या सर्वांत गंभीर आहे. सार्वजनिक रेडिओला केंद्र सरकारचा निधी ज्या महामंडळामार्फत मिळे, त्याची १.१ अब्ज डॉलरची तरतूद काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये मागे घेतली आणि त्या महामंडळाने पुढच्याच महिन्यात आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतल्या केंद्रांकडे सधन देणगीदार असतात. ज्या केंद्राचा श्रोता फळे तोडून भरलेल्या पेट्यांच्या हिशेबाने मजुरी घेतो त्याने देणगी किती मागायची? रेडिओ बिलिंग्वेच्या श्रोत्यांच्या छोट्या देणग्यांचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु कॅलिफोर्निया ते टेक्सासपर्यंत केंद्रे चालवणे, ट्रान्समीटरचे वीजबिल भरणे आणि बातमीदार नेमणे एवढ्यावर भागत नाही. हीच केंद्रे वणवा, पूर आणि साथीच्या वेळी स्पॅनिश आणि मिश्तेक भाषांत पहिली सूचना देतात, हे निधी कापणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे होते.

अमेरिकेतल्या मराठी माणसाने हे का ऐकावे, असे मला बे एरियातल्या मित्रमंडळींनी विचारले आहे. एच-१बीवर आलेल्यांचे अर्ज त्याच खात्याकडे जातात, त्यांची ग्रीन कार्डची रांगही लांब आहे, आणि नियम बदलला की धास्ती त्यांनाही वाटते. फरक असा की त्यांना कंपनीचा वकील असतो, इंग्रजी येते आणि ईमेलवर उत्तर मिळते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याचे कसे चालते, हे या कार्यक्रमातून समजते. आपल्या जेवणातल्या द्राक्षांमागे आणि बदामांमागे असलेल्या माणसांचे प्रश्न त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळणे ही मला या देशात लाभलेली मोठी गोष्ट वाटते. बेकर्सफील्डला ९०.१ आणि सलिनासला ९०.९ वर हेच प्रसारण लागते, आणि बाहेरच्यांना ते केंद्राच्या संकेतस्थळावरून ऐकता येते. स्पॅनिश नुकते शिकू लागलेल्यांनी सुरुवात पाहुण्यांच्या चर्चेने करू नये, तिथे कायद्याची शब्दावली जड जाते. फोन करणाऱ्यांचे प्रश्न आधी ऐकावेत, कारण ते छोट्या, रोजच्या वाक्यांत असतात आणि पहिल्या मिनिटातच विषयाला हात घालतात.